पत्ता सामाईक, बाकी सगळं वेगळं

गावातलं सार्वजनिक वाचनालय, हौशी नाट्यसंस्था, दिवाळी अंक काढणारं मंडळ, तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी. यांच्यापैकी कोणी वेबसाइट काढायला निघालं की होस्टिंग विकणारा एक प्रश्न हमखास विचारतो : ‘डेडिकेटेड आयपी घेणार का? थोडे पैसे जास्त पडतील.’ स्वतःचा पत्ता म्हणजे साइट जास्त सुरक्षित, जास्त वेगवान आणि गूगलमध्ये वरच्या नंबरवर, असं ऐकणाऱ्याला वाटतं. कार्यकारिणीच्या बैठकीत चर्चा होते आणि वर्गणीतून जमलेले पैसे एका आकड्यापायी जातात.

एका सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर अनेक लहान साइट चालवाव्यात की नाही, या प्रश्नाला वेबइतकंच वय आहे. त्याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलं आणि जुनी उत्तरं बाजारात तशीच फिरत राहिली. म्हणून हा आढावा. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. लहान साइटला स्वतंत्र पत्त्याची गरज आज जवळपास कधीच नसते. पण पत्ता सामाईक असला तरी बाकी काय काय वेगळं ठेवायचं, हे ठामपणे माहीत असावं लागतं. खरी हयगय होते ती तिथे.

नाव वाटेतच गळायचं

ब्राउझरमध्ये आपण साइटचं नाव टाकतो. हे नाव कोणत्या पत्त्यावर आहे, असं ब्राउझर आधी डीएनएसला विचारतो. आकड्यांचा पत्ता मिळाला की तिथल्या सर्व्हरशी जोडणी करून पान मागतो. डीएनएसची ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. एकाच पत्त्याकडे कितीही नावं वळवायची मुभा तिच्यात पहिल्यापासून होती.

अडचण पुढच्या पायरीवर होती. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत घडवलेल्या एचटीटीपीच्या पहिल्या रूपात ब्राउझर सर्व्हरला एकच ओळ पाठवायचा : ‘गेट’ आणि त्यापुढे पानाचा मार्ग. पान कोणत्या साइटचं हवंय, ते त्या ओळीत नसायचं. मे १९९६ मध्ये नोंदल्या गेलेल्या एचटीटीपी १.० मध्येही साइटचं नाव सांगण्याची सक्ती नव्हती. पाकिटावर इमारतीचा पत्ता बिनचूक आहे, पण कोणाला द्यायचं ते नावच नाही, अशा वेळी टपाल्याची जी गत होईल ती सर्व्हरची व्हायची.

यावर तेव्हाचा उपाय सरळ होता, पण उधळा होता. जितक्या साइट तितके आयपी पत्ते घ्यायचे, ते सगळे एकाच मशीनच्या नेटवर्क कार्डावर चढवायचे आणि जोडणी कोणत्या पत्त्यावर आली त्यावरून साइट ओळखायची. दोनशे ग्राहक असलेल्या होस्टिंगवाल्याला दोनशे पत्ते लागायचे. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांच्यासाठी दुसरी वाट होती, एकाच नावाखाली फोल्डर. विद्यापीठांच्या सर्व्हरवर नावामागे तरंगचिन्ह लावलेली विद्यार्थ्यांची पानं अशीच असायची. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजनेही लाखो लोकांना एकाच नावाखाली आपापली जागा दिली.

एका ओळीने हे चित्र बदललं. ब्राउझरने मागणीसोबत ‘होस्ट’ नावाची ओळ पाठवायची आणि तिच्यात साइटचं नाव लिहायचं, असं ठरलं. मोठे ब्राउझर ही ओळ प्रमाण ठरण्याआधीच पाठवू लागले होते आणि अपाची सर्व्हरने १९९६ च्या आवृत्तीत ती वाचायची सोय केली. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं पहिलं प्रमाण आलं, त्यात ही ओळ सक्तीची झाली. ती नसेल तर सर्व्हरने चूक दाखवून मागणी परत पाठवायची, असा नियमच झाला. आजही सामाईक पत्त्यावरचा सगळा व्यवहार या एका ओळीवर उभा आहे. अपाचीतला ‘व्हर्च्युअल होस्ट’ असो, नाहीतर इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या एन्जिन-एक्समधला ‘सर्व्हर’ विभाग असो, काम तेच : आलेलं नाव आपल्या यादीत शोधायचं आणि त्या नावाच्या फोल्डरमधून पान द्यायचं.

पत्ते संपत आले

आयपीच्या चौथ्या आवृत्तीचं प्रमाण सप्टेंबर १९८१ मधलं आहे. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यातलेही बरेच खासगी जाळ्यांसाठी आणि इतर कामांसाठी राखीव. सुरुवातीच्या काळात वाटप सढळ हाताने झालं. एकट्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. आपल्याकडचे १ कोटी ४० लाख पत्ते वापराविना पडून आहेत आणि त्यातले ८० लाख आपण विकणार आहोत, असं त्याने २०१७ मध्ये जाहीर केलं.

जगभराचा मूळ साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्या दिवशी शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटून दिले गेले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो, तिथे एप्रिल २०११ पासूनच रेशनिंग सुरू झालं. उत्तर अमेरिकेचा खुला साठा सप्टेंबर २०१५ मध्ये आटला आणि युरोपचा नोव्हेंबर २०१९ मध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर वेगळे घ्यायला सुरुवात केली. बारक्या साइटसाठी लागणारा सर्व्हरही काही ठिकाणी जवळपास तेवढ्यातच मिळतो, हे लक्षात घेतलं की पत्त्याला काय भाव आलाय ते कळतं.

पत्ता सामाईक ठेवायची प्रथा मात्र टंचाईच्या बरीच आधी रुजली होती. हार्वर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या बेंजामिन एडलमन यांनी २००३ मध्ये डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग या नावांची पाहणी केली. चालू असलेल्या नावांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक नावं पत्ता दुसऱ्या कुणाबरोबर तरी वाटून घेत होती. दोन तृतीयांशांहून अधिक नावांच्या पत्त्यावर आणखी पन्नास किंवा त्याहून जास्त नावं होती. स्वतःचा पत्ता असणं तेव्हाही अपवादच होतं.

एचटीटीपीएसचा पेच

मग स्वतंत्र पत्ता घ्या, हा सल्ला टिकून कसा राहिला? त्यामागे एक खरं तांत्रिक कारण होतं आणि ते बराच काळ खरंच राहिलं.

नेटस्केपने १९९५ च्या सुमारास एसएसएल आणलं, पुढे १९९९ मध्ये त्याचं टीएलएस झालं. यात ब्राउझर आणि सर्व्हर आधी गुप्त जोडणी उभी करतात आणि त्यानंतरच त्यातून एचटीटीपीची मागणी जाते. यालाच एचटीटीपीएस म्हणतात. जोडणी उभी करतानाच सर्व्हरला आपलं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. आता पेच असा, की ‘होस्ट’ ओळ गुप्त जोडणीच्या आत आहे आणि सर्टिफिकेट तिच्या आधी दाखवायचं आहे. पत्त्यावर पन्नास साइट असतील तर कोणाचं सर्टिफिकेट दाखवायचं? चुकीचं दाखवलं की ब्राउझर मोठ्ठा इशारा देणार. त्यामुळे पैशांचा व्यवहार असलेल्या प्रत्येक साइटला स्वतःचा पत्ता लागायचा. पत्त्यांचं वाटप करणाऱ्या संस्थांना त्या काळात होस्टिंगवाल्यांवर फार कडक होता आलं नाही, त्यामागेही हेच कारण होतं.

तोडगा जून २००३ मध्ये प्रमाणात आला. त्याचं नाव एसएनआय. ब्राउझरने जोडणीच्या पहिल्याच संदेशात, काहीही गुप्त होण्याआधी, साइटचं नाव सांगून टाकायचं. ते वाचून सर्व्हर योग्य सर्टिफिकेट निवडतो. कल्पना साधी होती, पण ती वापरात यायला दशक गेलं. अपाचीत ही सोय २००९ मध्ये आली, तर मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसमध्ये २०१२ मध्ये. सर्वांत मोठा अडसर विंडोज एक्सपीचा होता. त्यावरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला एसएनआय कधीच कळलं नाही. अँड्रॉइडच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीतल्या ब्राउझरलाही नाही. सायबर कॅफेत, सरकारी कचेरीत, शाळेच्या संगणक कक्षात एक्सपी चालू होतं तोवर कोणी शहाणा दुकानदार आपली साइट एसएनआयच्या भरवशावर टाकत नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला आणि हळूहळू हा अडसर दूर झाला.

दुसरा अडसर पैशांचा होता, कारण प्रत्येक नावाला विकतचं सर्टिफिकेट लागायचं. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने सगळ्यांसाठी फुकट सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली, तीही आपोआप नूतनीकरण होणारी. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का दाखवू लागला. या दोन धक्क्यांनी लहानात लहान साइटही एचटीटीपीएसवर आली, बहुतेक सगळ्या सामाईक पत्त्यांवरच. स्वतंत्र पत्ता घेण्याचं खरं कारण तेव्हाच संपलं. दरपत्रकातली ओळ मात्र राहिली.

नाव नसेल तर काय

सामाईक पत्त्याच्या मांडणीत एक दुर्लक्षित कोपरा आहे. आलेलं नाव सर्व्हरच्या यादीत नसेलच तर? अपाची अशा वेळी यादीतली पहिली साइट दाखवतो. एन्जिन-एक्समध्ये ‘डिफॉल्ट’ म्हणून एक ठरवता येते, नाही ठरवली तर तिथेही पहिलीच. यातून विचित्र प्रसंग घडतात. वाचनालयाच्या साइटला सर्टिफिकेट लावायचं राहून गेलंय, वाचक एचटीटीपीएसने आला, तर त्याला शेजारच्या टूर कंपनीच्या सर्टिफिकेटचा इशारा दिसतो. त्याने तो ओलांडला तर टूर कंपनीचंच पान उघडतं. वाचनालयाची साइट हॅक झाली, अशी हाकाटी होते. प्रत्यक्षात एक ओळ लिहायची राहिलेली असते.

म्हणून शहाणा सर्व्हरचालक यादीच्या सुरुवातीला एक रिकामी डिफॉल्ट साइट ठेवतो. अनोळखी नावाने आलेल्याला ती काहीच देत नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेलं आणि नसलेलं, अशी दोन्ही नावं तो यादीत लिहितो. मराठी वाचकांसाठी इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ या शेपटाची नावं मिळतात. पण डीएनएसमध्ये आणि ‘होस्ट’ ओळीत देवनागरी अक्षरं जात नाहीत. ब्राउझर त्यांचं ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात रूपांतर करतो. सर्व्हरच्या यादीत ते सांकेतिक रूपच लिहावं लागतं. ते नाही लिहिलं तर देवनागरी नाव विकत घेऊनही साइट उघडत नाही आणि दोष बिचाऱ्या देवनागरीला मिळतो.

फोल्डर, उपनाव की स्वतंत्र नाव

एका पत्त्यावर अनेक साइट ठेवायचे तीन प्रकार आहेत. एकाच नावाखाली वेगळे फोल्डर, एकाच डोमेनची वेगळी उपनावं आणि पूर्णपणे वेगळी डोमेन नावं. सर्व्हरच्या दृष्टीने तिन्ही सोपे. ब्राउझरच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे.

ब्राउझरची सुरक्षा नावावर बेतलेली आहे, आयपी पत्त्याशी तिचं देणंघेणं नाही. दोन वेगळ्या डोमेनच्या साइट एकाच पत्त्यावर असल्या तरी एकीची स्क्रिप्ट दुसरीची पानं वाचू शकत नाही, की एकीच्या कुकी दुसरीला मिळत नाहीत. पण एकाच नावाच्या दोन फोल्डरांमध्ये ही भिंत नसते. ब्राउझरच्या लेखी ती एकच साइट. उपनावांच्या बाबतीत भिंत आहे, पण कुकीच्या बाजूने तिला फट आहे, कारण उपनावाला मूळ नावासाठी कुकी ठेवता येते. गिटहबने याच कारणाने एप्रिल २०१३ मध्ये वापरकर्त्यांची पानं आपल्या मुख्य डोमेनवरून काढून ‘गिटहब डॉट आयओ’ या वेगळ्या डोमेनवर हलवली.

निष्कर्ष असा, की एकाच संस्थेच्या शाखा असतील तर फोल्डर किंवा उपनावं चालतील. वेगवेगळ्या संस्था असतील तर प्रत्येकीचं डोमेन स्वतंत्रच हवं. वर्षाला हजाराच्या आसपास रुपयांत मिळणारं नाव हीच साइटची खरी ओळख आहे. ते संस्थेच्याच नावावर नोंदलेलं असावं, साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको.

धोका आतून येतो

आता मुद्द्याची गोष्ट. पत्ता सामाईक असल्याने कोणी साइट फोडत नाही. एका साइटचा कार्यक्रम दुसऱ्या साइटच्या फाइल वाचू शकला की साइट फुटते.

नेहमीचं चित्र असं असतं. एका सर्व्हरवर वर्डप्रेसच्या दहा साइट आहेत आणि दहाही एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्यातल्या एका साइटचं प्लगइन दोन वर्षांत कोणी अद्ययावत केलेलं नाही. हल्लेखोर त्या प्लगइनमधून आत शिरतो आणि तो वापरकर्ता जे जे वाचू शकतो ते सगळं वाचतो. त्यात उरलेल्या नऊ साइटच्या सेटिंगच्या फाइल असतात आणि त्या फाइलींत डेटाबेसचे पासवर्ड असतात. नऊ साइट चालवणाऱ्यांनी काहीच चूक केलेली नसते.

यावरचे उपाय जुने आहेत, पारखलेले आहेत आणि फुकट आहेत. प्रत्येक साइटला लिनक्सचा वेगळा वापरकर्ता. पीएचपी असेल तर प्रत्येक साइटचा वेगळा एफपीएम पूल, ही सोय पीएचपीत २०१० पासूनच अंगभूत आहे. प्रत्येक साइटचा वेगळा डेटाबेस, त्याला वेगळा वापरकर्ता आणि वेगळा पासवर्ड. फाइलींच्या परवानग्या अशा, की दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावताच येऊ नये. मोठ्या होस्टिंग कंपन्या याच्या पुढे जातात आणि क्लाउडलिनक्ससारख्या व्यवस्थेने प्रत्येक ग्राहकाला फाइलींचा वेगळा पिंजरा आणि मेमरी-प्रोसेसरची ठरावीक मर्यादा घालून देतात. ही मर्यादाही महत्त्वाची असते. शेजारच्या साइटवर निकाल लागला म्हणून झुंबड उडाली, तर वाचनालयाच्या साइटचा श्वास कोंडू नये.

सर्टिफिकेटच्या बाबतीतही वेगळेपणाची शिस्त लागते. एका सर्टिफिकेटात अनेक नावं घालता येतात आणि दहा साइटचं मिळून एक सर्टिफिकेट घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. ती सगळी नावं कोणालाही उघड दिसतात. शिवाय दहातला एक जण डोमेनचं नूतनीकरण विसरला तर दहाही जणांचं सर्टिफिकेट अडकतं. सर्टिफिकेटचं कमाल आयुष्य २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं, असं ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं आहे. नूतनीकरण हाताने करायचे दिवस संपले. आपोआप होणारं आणि प्रत्येक साइटचं वेगळं, हाच मार्ग उरतो.

पत्ता सामाईक असल्यामुळेच झालेली एक गंभीर चूकही इथे नोंदवायला हवी. जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षा संशोधक फ्रान्स रोसेन यांनी दाखवून दिलं, की लेट्स एन्क्रिप्टची मालकी तपासण्याची एक पद्धत काही सामाईक सर्व्हरवर फसवता येते. तिथे कोणताही ग्राहक कोणत्याही नावाचं सर्टिफिकेट चढवू शकत होता आणि त्या जोरावर त्याच पत्त्यावरच्या शेजाऱ्याच्या डोमेनसाठी खरं सर्टिफिकेट मिळवू शकत होता. लेट्स एन्क्रिप्टने ती पद्धत तातडीने थांबवली आणि पुढे कायमची मोडीत काढली. ‘या पत्त्यावर याचा ताबा आहे, म्हणजे या नावावरही आहे’ असं कोणत्याही व्यवस्थेने गृहीत धरलं की ती चुकते, हा त्यातला धडा.

पत्त्यालाच ओळख समजणारे

हीच चूक आणखी तीन ठिकाणी होते आणि तिची किंमत लहान साइट मोजतात.

पहिलं ठिकाण ईमेल. सर्व्हरवरच्या एका साइटने स्पॅम पाठवला की काळ्या यादीत पत्ता जातो आणि त्या पत्त्यावरून निघालेलं प्रत्येकाचं पत्र अडतं. सभासदांना पाठवलेली वार्षिक सभेची सूचना स्पॅममध्ये पडते. यासाठी स्वतंत्र पत्ता घेण्यापेक्षा ईमेल सर्व्हरवरून न पाठवता ईमेल सेवेकडून पाठवणं चांगलं. सोबत डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल या नोंदींबाबत कडक झालं आहे. विश्वास नावावर ठेवण्याच्या दिशेने टाकलेलं ते चांगलं पाऊल आहे.

दुसरं ठिकाण हल्ला. खोट्या मागण्यांचा पूर आणणारे हल्लेखोर अनेकदा पत्त्यावर नेम धरतात. पूर आवरला नाही की डेटा सेंटर तो पत्ताच तात्पुरता बंद करतं आणि त्यावरच्या सगळ्या साइट एकदम दिसेनाशा होतात. ही सामाईक पत्त्याची खरी उणीव आहे. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या आड साइट ठेवणं हा आजचा व्यवहार्य उपाय. गंमत अशी, की तोही सामाईक पत्त्याचाच प्रकार आहे, फार मोठ्या प्रमाणावरचा. या कंपनीच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये सिग्कॉम परिषदेत मांडलेल्या निबंधात २ कोटींहून अधिक नावं एकाच आयपी पत्त्यावरून पुरवून दाखवली.

तिसरं ठिकाण सर्वांत गंभीर आहे, ते म्हणजे सरकारी बंदी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात राज्याच्या एका कायद्यानुसार बाल-अत्याचाराची चित्रं असलेल्या चारशेहून कमी साइट अडवताना दहा लाखांहून अधिक निरपराध साइट अडवल्या गेल्या. तिथल्या संघीय न्यायालयाने सप्टेंबर २००४ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या साइटमागे लागलेल्या नियामकाने एक पत्ता अडवला आणि त्यासोबत बाराशेच्या आसपास साइट बंद पडल्या. ऑस्ट्रियात ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून क्लाउडफ्लेअरचे ११ पत्ते अडवल्यावर तेच झालं. आपल्याकडेही ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, त्यानंतरच्या आठवड्यात हा अनुभव आला. दूरसंचार विभागाने मोजकीच पानं अडवायला सांगितली होती. अनेक सेवापुरवठादारांनी ब्लॉगस्पॉटसारख्या अख्ख्या सेवा बंद केल्या. स्फोटानंतर माणसं एकमेकांचा ठावठिकाणा ज्या पानांवरून शोधत होती, ती पानंही त्यात होती.

या प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं, ‘बघा, म्हणून स्वतःचा पत्ता असावा.’ मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. दुसऱ्याच्या अपराधासाठी शेजाऱ्याला शिक्षा होत असेल तर बदलायला हवी ती शिक्षेची रीत. पत्ता अडवणं ही आळशी आणि अन्यायी रीत आहे, हे न्यायालयांना आणि सरकारांना ठणकावून सांगत राहायला हवं.

गर्दीतलं खासगीपण

सामाईक पत्त्याचा एक मोठा फायदा अलीकडेच पुढे आला आहे. एसएनआयमध्ये साइटचं नाव उघड जातं. त्यामुळे मजकूर गुप्त असला तरी वाचक कोणत्या साइटवर गेला, हे मधला सेवापुरवठादार वाचू शकतो. व्यसनमुक्ती केंद्राची साइट, घरगुती हिंसाचाराविषयी मदत देणारी साइट, यांच्या वाचकांसाठी ही बाब क्षुल्लक नाही. यावर ईसीएच नावाचा उपाय आला आहे, ज्यात जोडणीच्या पहिल्या संदेशातलं नावही गुप्त होतं. डीएनएसची विचारणाही गुप्त असेल, तर बघणाऱ्याला फक्त पत्ता दिसतो.

आणि त्या पत्त्यावर एकच साइट असेल तर पत्ता दिसला की सगळंच दिसलं. शेकडो साइट असतील तरच वाचक खरोखर झाकला जातो. स्वतःचा पत्ता घेतलेल्या साइटच्या वाचकांना हे संरक्षण मिळतच नाही. याच उपायाच्या आधीच्या रूपाची वाहतूक चीनने २०२० मध्ये अडवायला सुरुवात केली. त्यावरूनच त्याचं मोल कळतं.

मग स्वतंत्र पत्ता कोणाला हवा

काहींना खरंच हवा असतो. स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवणाऱ्याला. बँक किंवा पेमेंट सेवा ‘तुमच्या सर्व्हरचा पत्ता कळवा, तेवढ्यालाच आम्ही दार उघडू’ म्हणते अशा दुकानाला. एसएसएचसारख्या, नाव न सांगणाऱ्या इतर प्रोटोकॉलच्या सेवा जगाला देणाऱ्याला. बाकीच्यांना नको. शोधात वरचा क्रमांक मिळतो म्हणून तर मुळीच नको. पत्ता सामाईक असल्याने साइट मागे पडत नाही, हे गूगलच्या जबाबदार माणसांनी वेळोवेळी सांगितलं आहे. वेगाचंही तसंच. साइट मंद असते ती अवाढव्य फोटोंमुळे, नको तितक्या प्लगइनमुळे किंवा सर्व्हरवर झालेल्या दाटीमुळे, आणि पत्ता बदलून यातलं काहीच बदलत नाही.

आयपीची सहावी आवृत्ती आली की हा प्रश्नच मिटेल, असंही म्हटलं जातं. तिचे पत्ते १२८ बिटांचे, म्हणजे व्यवहारात अमर्याद. भारत तिच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही केवळ सहाव्या आवृत्तीवर साइट ठेवली तर जुन्या जाळ्यांवरचे वाचक तिला मुकतात. म्हणून दोन्ही पत्ते ठेवावेत. आणि पत्त्यांचा सुकाळ झाला तरी खासगीपणाचा मुद्दा उरतोच, हे विसरू नये.

संस्थांच्या चालकांना माझं सांगणं आहे. होस्टिंगवाल्याने डेडिकेटेड आयपीचा विषय काढला की त्याला चार प्रश्न विचारा. आमची साइट वेगळ्या वापरकर्त्याखाली चालते का? आमचा डेटाबेस आणि त्याचा पासवर्ड वेगळा आहे का? सर्टिफिकेट आमच्या एकट्याच्या नावाचं आहे आणि आपोआप नवं होतं का? रोजचा बॅकअप वेगळ्या मशीनवर जातो का, आणि तो परत आणून कधी पाहिलाय का? चारही उत्तरं ‘हो’ आली तर सामाईक पत्त्यावर निश्चिंत राहा आणि वाचलेले पैसे साइट अद्ययावत ठेवणाऱ्या माणसाला द्या. एकही ‘नाही’ आलं तर होस्टिंगवाला बदला, कारण तिथे स्वतंत्र पत्ता घेऊनही तुमची साइट उघड्यावरच राहील.

मराठीत आज जे काही वेबवर टिकून आहे, त्यातलं बरंचसं अशा लहान, कमी खर्चाच्या, दोन-चार माणसांनी निष्ठेने चालवलेल्या साइटवर आहे. गावांचे इतिहास आहेत, बोलीभाषांचे शब्द आहेत, बंद पडलेल्या मासिकांचे जुने अंक आहेत. प्रत्येकीला स्वतःचा सर्व्हर आणि स्वतःचा पत्ता लागला असता तर यातलं फारच थोडं उभं राहिलं असतं. ‘होस्ट’ ही एक ओळ आणि एसएनआयचा एक संदेश यांमुळे लहानांना मोठ्यांच्या शेजारी बरोबरीच्या हक्काने उभं राहता आलं. त्या सोयीचा पुरेपूर लाभ घ्यावा, आणि तिच्यासोबत येणारी वेगळेपणाची शिस्त तितक्याच काटेकोरपणे पाळावी.